बाबीकाकांचा टेलिव्हिजन

आमच्या वाडीत वीज यायच्या आधी टेलिव्हिजन आला. चालू केला की तो आधी खोकत असे.

कारण टेलिव्हिजन म्हणजे खुद्द बाबीकाका. माझे शेजारी. साठीला टेकलेले, एकटे, डावा पाय ओढत चालणारे. उभा जन्म आगबोटीवर स्वयंपाक करण्यात गेला. बोट सोडून मालवणला परतले, ते एक माणूसभर उंचीचं देवदारी खोकं बैलगाडीत घालून. खोकं घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं केलं, पुढून चौकोनी कापलं, आतून मलमलीचा पडदा सोडला आणि बाहेर बटणं म्हणून दोन करवंट्या ठोकल्या.

रविवारी दुपारी पोरं चटया घेऊन जमायची. एकाने करवंटी पिरगळली की पडद्याआड काकांचं तोंड डुगडुगायला लागे आणि घशातून खरखर येई. पोरं चुळबुळली की पेटी तापेपर्यंत थांबायचा आतून दम भरला जाई, "रवा रे मेल्यांनो! पेटी तापाक होयी!"

मग पडदा सरके आणि चित्र स्वच्छ दिसे. डोक्यावर बोटीवरची पांढरी टोपी, हातात जुन्या मोज्याचा केलेला बांगडा. बांगडा गाणी म्हणे, काकांशी भांडे, मधेच रुसून मोज्यासारखा लुळा पडे. त्यानंतर लिंबं झेलण्याचा खेळ, मग पाहुणा. पाहुणा बहुधा शेजारचा कोंबडा असे आणि मुलाखत अर्ध्यावर टाकून उडून जाई.

शेवटी बातम्या. त्या फार धोक्याच्या. "आमच्या वाडयेतली एक शालू भाजी खायत नाय, ताटाखाली लपयता," काका गंभीरपणे सांगत, आणि शालू चटईवर पांढरीफटक पडे. पेटीतल्या माणसाला सगळं दिसतं, अशी पोरांची खात्रीच झाली होती. शनिवारी संध्याकाळी काकांच्या मागच्या दाराशी आयांची रीघ लागते, हे त्यांना कोण सांगणार? वाडीतली पोरं न सांगता नखं कापू लागली, यात माझ्या शिकवण्याचा वाटा शून्य होता.

मी गावच्या शाळेत मास्तरीण. माझीही गत सांगते. पाढे विचारले की रघू स्वतःचा कान पिरगळून म्हणे, "बाई, बंद पडला." एकदा मी भूगोल सुरू केला, तर मागून कुणीतरी पुटपुटलं, "जरा तापाक होयी."

खरा टेलिव्हिजन मात्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. हेडमास्तरांनी पेपरात वाचलं होतं, तेवढंच. मला राहवेना. काकांना तो दिसला कुठे? पोरंबाळं नसलेल्या माणसाला मुलांचाच कार्यक्रम का आठवावा? विचारलं की ते म्हणत, "बघलंय म्हणान दाखयतंय," आणि विळीवर नारळ खवायला बसत.

एका रविवारी करवंटी पिरगळली, तरी पेटीत कुणी आलं नाही. मी मागच्या दाराने आत गेले. काका गोधडीत कुडकुडत होते, पाय सुजला होता.

"पोरां गेली?" त्यांनी विचारलं.

"बसली आहेत सगळी."

"रिकाम्या पेटयेफुडे?" मग ते आपणहून बोलू लागले. "बोटीर ह्यो पाय मोडलो, बाईनू. माका परमुलखातल्या हॉस्पिटलात टाकल्यानी आणि बोट गेली. थंयची भाषा माका कळणा नाय. दुसऱ्यांका भेटाक माणसां येयत, माका कोण येतलो? पोरांच्या खोलयेत ती पेटी होती. नर्स माझी खुर्ची थंय ढकलीत न्हेय. पेटयेत एक म्हातारो पोरांका हसवी. काय बोला, ता देवाक म्हायत. पण जाताना सरळ माझ्याकडे बघून हात हलवी." ते ओशाळून हसले. "सगळ्यांकाच हलवी, कळा माका. तरी मीपण हलवी."

तेवढ्यात बाहेर हशा उसळला.

"पेटी कोणी लायल्यान?" काका उठूनच बसले.

आधार देऊन मी त्यांना गोधडीसकट बाहेर आणलं. पेटीत शालू होती. पांढरी टोपी तिच्या नाकापर्यंत आली होती, आणि ती चक्क बातम्या सांगत होती, "आमच्या वाडयेतलो एक म्हातारो औषध घेयत नाय, बिछान्याखाली लपयता!"

काका पोरांच्या मागे, चटईच्या कडेवर बसले. इतके हसले की डोळे पुसायला त्यांना गोधडीचं टोक धरावं लागलं.

खेळ संपला. त्यांना बघताच शालूने टोपी काढली आणि ती पळायला निघाली.

"खंय जातंस गो?" काका म्हणाले. मग आवाज उतरवून, जणू फार मोठं काही मागत असल्यासारखे, "घोटभर चाय घेवन जा. सगळीच चला."

इतक्या वर्षांत पोरं खळ्यातून आत कधी गेली नव्हती. आता ती चुलीभोवती दाटीवाटीने बसली. मी आधण ठेवलं आणि फळी बघितली. घरात कप एकच होता.

भांडी आणायला मी माझ्या घराकडे निघाले, तर मागून काकांची हाक आली.

"बाईनू, ती तुमची भांडी हयच ऱ्हवांदेत हां. परत लागतली."