मेंबर बदलणेबाबत

आमच्या ग्रामपंचायतीच्या फिल्टर प्लांटचं पाणी खारट येऊ लागलं, तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे आधी तक्रारदाराची चौकशी केली. तक्रारदार बेबाबाई. त्यांच्या मालकांना, पुना आबांना, जुना मुतखडा. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं, बोअरचं पाणी बंद, फिल्टरचंच द्या. बाई रोज कॅन घेऊन प्लांटवर जात आणि तिथून थेट माझ्या टेबलापुढे येत. मी पंचायतीचा लिपिक.

चौकशीअंती बेबाबाईंची जीभ निर्दोष आढळली, म्हणून जळगावहून भूषण नावाचा मेकॅनिक बोलावला. त्याने प्लांटची लांब नळी उघडली, नाक मुरडलं आणि कागदावर कोंबडीचे पाय काढून दिले: "मेंब्रेन खराब. आतून पूर्ण चोक. चार वर्षं बदललेला नाही. आधी ॲसिडने धुऊन पाहावा. न सुधारल्यास नवीन बसवावा."

मेंब्रेन म्हणजे खारं पाणी गोडं करणारी पडद्याची गुंडाळी, हे मला फार नंतर कळलं. शुद्धलेखनात मात्र मी कडक. मेकॅनिकची चूक मी सुधारली आणि 'मेंबर' असं टाईप केलं.

ग्रामसभेत विषय वाचला. प्लांट प्रभाग दोनमध्ये असल्याने मेंबरही त्याच प्रभागाचा धरला. "मेंबर आतून पूर्ण चोक असून त्यातून काहीही पार पडत नाही." ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या गावात गणपतीच्या वर्गणीवरसुद्धा एकमत होत नाही, पण या अहवालावर कोणालाही शंका आली नाही. खुद्द प्रभाग दोनचे मेंबर पितांबर नाना यांनाही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "इतलं आतलं त्या मेकॅनिकले कसं समजनं?"

मेंबर ॲसिडने कोणत्या कलमान्वये धुवावा, याबाबत आम्ही वर मार्गदर्शन मागवलं. उत्तर आलं, "स्थानिक पातळीवर उचित कार्यवाही करावी." ते वाचून नानांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. कारण लिहिलं, 'त्वचेचा नाजूकपणा'.

पोटनिवडणूक लागली. आचारसंहितेत प्लांटला हात लावता येईना. ऐन प्रचारात पाणी गोड झालं, तर ते मतदाराला आमिष ठरलं असतं. त्या गडबडीत भूषण खोकं घेऊन दारात उभा.

"साहेब, नवीन आणलाय. बसवू का?"

"निकाल लागल्याशिवाय कोणीही बसणार नाही," मी ठणकावलं. "आणि उमेदवाराला असं उघड घेऊन फिरू नका."

तो खोकं घेऊन परत गेला.

योगराज अकरा मतांनी निवडून आले. गुलाल उधळला, फटाके फुटले. मी फाईलवर शेरा मारला, 'मेंबर बदलला. तक्रार निकाली.' दुसऱ्या दिवशी बेबाबाई कॅन घेऊन हजर.

"मेंबर बदली ग्या भाऊ, पन पानी खारंच शे."

"अक्का, नवीन माणूस आहे. थोडा वेळ द्याल की नाही?"

त्या थोड्या वेळात पुना आबांचं एक मूत्रपिंड गेलं. जळगावला ऑपरेशन झालं. महिन्याभराने बेबाबाई माझ्याकडे आल्या, त्या कॅनशिवाय. दवाखान्यासाठी रहिवासी दाखला हवा होता. मी सहजच, बोलायचं म्हणून बोललो, "मूळ दोष कशात होता, तेच कोणाला कळलं नाही बघा."

"मले समजेल व्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "भूषणभाऊनी मले नळी उघाडीसन दखाडं. ती जाळी बदलानी व्हती. मी ग्रामसभामा उभी राहीसन सांगं. तुम्हीं बठ्ठा जन हासनात."

मी खालच्या मानेने दाखला दिला. त्या गेल्यावर कपाटातून सभेचं इतिवृत्त काढलं. बेबाबाईंच्या नावापुढे, माझ्याच वळणदार अक्षरात, एकच शब्द होता: 'हशा'. नोकरीत पहिल्यांदाच मला माझ्या अक्षराची लाज वाटली.

ती नोंद मी आता दुरुस्त करतो आहे. तिथे नुसतं 'हशा' चालणार नाही, कोण कोण हसलं त्यांची नावं घालायची आहेत. पहिलं माझं लिहिलं. तुम्हीही इथवर हसतच आलात ना? मग सांगा, पूर्ण नाव काय लिहू?