गोठलेल्या दारामागचा विरोधक

दार उघडण्यासाठी असतं, हा समज उष्ण प्रदेशातला आहे. जपानातल्या नागानोच्या डोंगरात एक जानेवारी काढलेला माणूस असं बेजबाबदार विधान करणार नाही.

तिथल्या एका कारखान्याच्या संगणक विभागामुळे पुण्या-मुंबईची सहा कुटुंबं त्या गावात राहतात, आणि सहा कुटुंबं म्हटल्यावर मंडळ आलंच. (मंडळाला पाच पुरतात. सहावं फुटून निघण्यासाठी लागतं.) गुणवंतराव अध्यक्ष, केतकी चिटणीस, सारंग तांत्रिक सल्लागार आणि देवदत्त विरोधक. हे पद घटनेत नाही, पण देवदत्तने ते निष्ठेने सांभाळलं होतं. गणपती शाडूचा आणावा की कागदाचा, या प्रश्नात तो दोन्हींच्या विरोधात होता. मंडळाचा एकही ठराव आजवर एकमताने झाला नव्हता, याचं श्रेय त्याच्या एकट्याचं.

संक्रांतीचा कार्यक्रम गुणवंतरावांकडे होता. तिळाचे लाडू, हळदीकुंकवाचं वाण आणि मोठं पातेलं अंगणातल्या मोनोओकीत, म्हणजे अडगळीच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. (लाडू घरात टिकत नाहीत. याचा हवामानाशी संबंध नाही.) सकाळी बघतात तो खोलीचं सरकतं दार खालच्या खाचेत गोठून बसलेलं.

सारंगने किटलीभर उकळतं पाणी खाचेत ओतलं. दार लोण्यासारखं सरकलं. टाळ्या पडल्या.

"हे पाणी परत गोठेल," देवदत्त म्हणाला.

नेहमीचा विरोध म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पातेलं आणायला मात्र त्यालाच आत पाठवलं. भुरभुरता बर्फ लाडवांवर येऊ नये म्हणून त्याने दार मागे ओढून घेतलं. वाणाच्या खोक्यांखालून पातेलं काढेपर्यंत पाण्याने त्याचं म्हणणं मान्य केलं होतं.

बाहेर उणे नऊ. आत देवदत्त, अंगात स्वेटर, जाकीट घरातल्या खुर्चीवर.

परिस्थिती गंभीर असल्याने गुणवंतरावांनी जागच्या जागी सभा घेतली. सारंगने आणखी गरम पाण्याचा प्रस्ताव मांडला.

"माझा विरोध लिहा!" आतून आवाज आला.

"आतल्या सभासदाला मत देता येतं का?" केतकीने विचारलं.

गुणवंतरावांनी विचार केला. "उपस्थित असेल तर येतं. पण देवदत्त दिसत नाहीये."

प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. मंडळाच्या इतिहासातला पहिलाच. सगळ्यांना इतकं बरं वाटलं की त्याच भरात नवरात्राची वर्गणी आणि उन्हाळ्याची सहलही मंजूर करून टाकली. दुसरी किटली ओतली गेली. दारावर चौघं लटकली, पण दोघं डावीकडे ओढत होती आणि दोघं उजवीकडे. दार निष्पक्ष राहिलं.

एवढ्यात देवदत्तची बायको अनघा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने मंडळाकडे पाहिलं, रिकाम्या किटलीकडे पाहिलं आणि दाराला कान लावला.

"देवा, थंडी वाजतेय?"

"नाही." पण दात वाजत होते.

"बोलत राहा. तुझ्या आईला एप्रिलमध्ये इकडे बोलवायचं म्हणते मी."

"एप्रिलमध्ये नको. तिकिटं महाग असतात."

"बरं, मे."

"मेमध्ये तिचे आंबे असतात."

अनघाचा जीव जरा भांड्यात पडला. तिने घरबदल काढला, त्याने विरोध केला. मुलीला जपानी शाळेतून काढायचं म्हटलं, त्याने तीन कारणं दिली. मग ती म्हणाली, "आणि यंदा दिवाळीला माझ्या भावाकडे जाऊ."

आतून बारीक आवाज आला. "हो. तू म्हणतेस ते बरोबर आहे."

अनघा पांढरीफटक पडली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं.

"गुणवंतकाका, हेअर ड्रायर कुठाय?" ती ओरडली आणि उत्तराची वाट न बघता न्हाणीघरात घुसली. लांब वायर जोडून ती बर्फात गुडघ्यांवर बसली आणि खाचेत गरम हवा सोडू लागली. बर्फ सुटेल तसं ओढणीने पाणी टिपून घेऊ लागली. मधूनमधून दारावर थापा. "देवा, विरोध कर! काहीतरी बोल!" (सभेने तिला परवानगी देण्याचा ठराव मांडला. तो मंजूर होईपर्यंत तिचं निम्मं काम झालं होतं.)

दार करकरलं आणि सरकलं. देवदत्त पातेल्यात पाय घालून, वाणाचे टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून बसला होता. ओठ निळे, मिशीला तीळ. अनघाने त्याला आपल्या शालीत घेतलं आणि रडता रडता म्हणाली, "भावाकडे जायचं ना मग?"

"मुळीच नाही," तो म्हणाला. ती हमसून हमसून रडली. आनंदाने.

मंडळाने तेव्हापासून नियम केला आहे: खाच आदल्या दिवशी कोरडी पुसावी, गरम पाणी ओतू नये. देवदत्तने विरोध केल्याने तो एकमताने मात्र झालेला नाही.

तुम्ही हसताय, हसा. पण परवा तुमच्या सोसायटीच्या सभेत सगळे ठराव पाच मिनिटांत एकमताने झाले म्हणे. सभा छान झाली असं तुम्हीच सांगत होतात. जरा उठून बघून या, कुणाला कुठे कोंडलंय.