म्हातारीच्या डोहासाठी योग्य दोरी

स्पे नदीकाठच्या क्रेगडलन गावात वॉटी गेडिस या निवृत्त पोस्टमनच्या गळाच्या दोरीला मार्च महिन्यात चिरा पडल्या. घटना साधी होती. जुन्या दोऱ्यांना चिरा पडतात आणि जुन्या माणसांचे खांदे कुरकुरतात. वॉटीच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात इन्व्हर्नेसला ठरली होती. त्यानंतर चहाचा कप उचला, वर्तमानपत्र उचला, पण दोन हातांनी पेलायची ती गळाची लांबलचक काठी विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणजे वॉटीचा हा शेवटचा हंगाम. आणि नेमक्या याच हंगामात, आयुष्यात पहिल्यांदा, गावच्या मत्स्यसंघाच्या सोडतीत त्याला म्हातारीचा डोह लागला. सप्टेंबरातला एक दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, डोह त्याचा एकट्याचा.

समुद्राकडून वर चढून आलेले सॅमन मासे या डोहात विसावा घेतात. काठावर बर्चची झाडं इतकी दाट, की दोरी मागे भिरकावायला हातभर जागा नाही. म्हणून इथल्या पणजोबांनी ती पाण्यावरूनच उचलायची, अंगाशेजारी एक वळसा द्यायचा आणि पुढे सोडायची, अशी युक्ती काढली. ही फेक नदीचं नाव घेऊन जगभर गेली. जगाने तिच्यासाठी तऱ्हेतऱ्हेच्या दोऱ्या काढल्या, आणि त्या क्रेगडलनलाच विकायला परत आल्या. पणजोबांकडे दोरी एकच होती. त्यामुळे त्यांचा बराच वेळ मासे धरण्यात वाया जाई.

वॉटीची चूक एवढीच, की दुकानात जाण्याऐवजी तो संघाच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "म्हातारीच्या डोहाला कुठली दोरी बरी पडेल?"

संघाचे अध्यक्ष डॉ. क्रुकशँक हे व्यवसायाने दंतवैद्य. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"गेडिस, हे तुम्ही इतकं उघड विचाराल असं वाटलं नव्हतं."

"मग कुठे विचारायला हवं होतं?"

"विचारायलाच नको होतं. आता विचारलंत म्हणजे उत्तर द्यावं लागणार, आणि उत्तर द्यायचं म्हणजे समिती नेमावी लागणार."

"समिती कशाला? जो तो आपापली सांगेल की."

"जो तो आपापली सांगायला लागला तर संघ हवा कशाला?" डॉ. क्रुकशँक म्हणाले, आणि समिती नेमली गेली.

दोरीच्या जाड, वजनदार भागाला इथे पोट म्हणतात. समितीत पहिल्याच आठवड्यात लांब पोटवाले आणि आखूड पोटवाले असे दोन तट पडले. गावच्या दारूगुत्त्यात लांब पोटवाले शेकोटीपाशी बसू लागले आणि आखूड पोटवाले खिडकीपाशी. मध्यम पोटाचे काही समंजस लोक दारात उभे राहत. त्यांच्याशी दोन्हीकडचे बोलत नसत. शॉ नावाच्या लांब पोटवाल्या बेकरने आखूड पोटवाल्यांना आदल्या दिवशीचे बन विकायला सुरुवात केली. हे वाढत चाललं तेव्हा निःपक्षपाती तज्ज्ञ म्हणून लंडनहून पेनरोज नावाच्या गृहस्थांना बोलावण्यात आलं. त्यांनी आयुष्यात एकही सॅमन धरलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणालाही शंका घेता येईना.

पेनरोजसाहेबांनी प्रत्यक्ष चाचण्या सुचवल्या. रविवारी सॅमन धरायला कायद्याने बंदी आहे, पण टोकाला गळ नसेल तर ती मासेमारीच नव्हे, असा खुलासा काढून चाचण्या रविवारी सुरू झाल्या. तेव्हा असं लक्षात आलं, की गळ नसला की दोरी फार सुरेख जाते. टोकाला आमिष म्हणून बांधायची नकली माशी आणि तिच्यातला गळ ही दोरीच्या वर्तनातली एक अडचण होती, आणि इतकी वर्षं कोणी तिची दखलच घेतली नव्हती.

दुसरी अडचण झाडांची. काळोख्या बर्चपुढे हवेतला दोरीचा वळसा परीक्षकांना नीट दिसेना. दिसल्याशिवाय गुण कसे द्यायचे? मे महिन्यात झाडं तोडली गेली.

"वॉटी, अरे तुझ्या डोहावरची झाडं पाडली," त्याची बायको मोरॅग दारातूनच म्हणाली. "टक्कल केल्यासारखं दिसतंय."

"चाचणीसाठी आहे ते. तात्पुरतं."

"झाड तात्पुरतं कसं तोडतात ते मला एकदा शिकव. तू चार पैशांची दोरी आण आणि मोकळा हो."

"आता कसं आणणार? निकाल लागायचाय."

जूनमध्ये पेनरोजसाहेबांनी गंभीर हरकत नोंदवली. ही फेक मागच्या झाडांमुळे जन्माला आली. मागे झाडं नसतील तर ती करायचं कारणच उरत नाही. सबब आजवरच्या सर्व चाचण्या रद्द. समितीला हे पटलं. काठावर लोखंडी खांब रोवून त्यांना हिरवी जाळी बांधण्यात आली आणि त्यांना 'वृक्षसदृश अडथळे' असं नाव मिळालं. हे अडथळे परीक्षकांना हवे तेव्हा खाली पाडता येत, त्यामुळे ते झाडांपेक्षा सरस ठरले.

जुलैत ऊन तापलं. सावली गेलेला डोह कोमट झाला, आणि सॅमन मुकाट्याने उठून खालच्या दगडी पुलाच्या सावलीत जाऊन राहिले. समितीने याची दखल घेतली. "डोहात मासे नसल्यामुळे लक्ष विचलित होत नाही आणि दोरीचं मूल्यमापन अधिक शुद्ध होतं," असं डॉ. क्रुकशँक यांनी सांगितलं.

वॉटीने हात वर केला. "पण डॉक्टर, मला त्या दिवशी मासा धरायचाय."

"धरा की. कोणी अडवलंय?"

"मासे पुलाखाली गेलेत."

"तो माशांचा प्रश्न झाला, गेडिस. आपली समिती दोरीची आहे. माशांबद्दल काही म्हणणं असेल तर त्यासाठी वेगळी समिती मागा."

वॉटी खाली बसला. मात्र चाचण्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून तो दर रविवारी जाऊ लागला. खांदा दुखे, पण वळसा सुंदर पडे. परीक्षक मान डोलावत. आयुष्यभर दारोदार पत्रं टाकली तेव्हा कोणी मान डोलावली नव्हती. ऑगस्टपर्यंत तो रात्री जेवताना काट्याचमच्याने वळसे काढून दाखवू लागला.

"बटाटे गार होतायत," मोरॅग म्हणे.

"हे बघ, इथे कोन बदलतो."

"बटाट्यांचा?"

सप्टेंबरात समितीने एकमताने एका दोरीची निवड केली. शेकोटी आणि खिडकीवाल्यांनी गळाभेटी घेतल्या आणि बेकरने सर्वांना ताजे बन दिले. वॉटीच्या दिवशी सकाळी ती दोरी समारंभपूर्वक त्याच्या हाती देण्यात आली. गळ बांधल्यास दोरीच्या वर्तनाची जबाबदारी समितीवर राहणार नाही, अशी समजही मिळाली. वॉटीने थोडा विचार केला आणि गळ खिशातच ठेवला.

दिवसभर तो म्हातारीच्या रिकाम्या डोहावर दोरी फेकत राहिला. दोरी उठे, अंगाशेजारून वळे, जाळीच्या झाडांना न शिवता उलगडे आणि पलीकडच्या काठापाशी आवाज न करता उतरे. काठावर जमलेली मंडळी टाळ्या वाजवत होती. पेनरोजसाहेबांचे डोळे पाणावले.

दिवस कलला तेव्हा मोरॅग त्याला न्यायला आली. दोघं पुलापाशी आली तशी ती थबकली. पुलाखालचं पाणी सगळ्या गावाला मोकळं होतं. सावलीत एक मोठा सॅमन संथपणे शेपटी हलवत उभा होता.

"वॉटी," ती हळूच म्हणाली. "तो बघ. अजून उजेड आहे. काठी हातात आहे, गळ खिशात आहे. टाक."

वॉटीने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो मान हलवत म्हणाला, "इथे ही नाही चालायची. पुलाखाली वळशाला जागा कुठे आहे? ही दोरी डोहासाठी मंजूर झालेली आहे. पुलाची वेगळी लागेल."

"अरे, हाताने सोडलीस तरी त्याच्या नाकावर पडेल."

"हाताने? लोक काय म्हणतील?"

सॅमनने एकदा पाणी उडवलं आणि तो वरच्या अंगाला निघून गेला.

ऑक्टोबरात खांद्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. वॉटी आता चहाचा कप उचलतो, आणि पुलासाठी नेमलेल्या समितीवर तो सन्माननीय सदस्य आहे. पुलामुळे वळसा नीट दिसत नाही, असा प्राथमिक अहवाल आहे.

ही हकीगत ऐकून बाहेरगावचे लोक खूप हसतात. हसून झालं की जरा घुटमळतात, आणि आवाज खाली आणून विचारतात, की शेवटी समितीने निवडली ती दोरी कुठली, लांब पोटाची की आखूड? झाडांची चौकशी अजून कोणी केलेली नाही. तुम्हालाही ते नाव मघापासून हवं असेल, तर संकोच करू नका. पुलाच्या समितीत एक जागा रिकामी आहे.