आधी बूड दावा!

"वयनी, आधी बूड दावा!"

आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, आणि शेजारचे हिराजीभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्या बायकोला हे सांगत होते. तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. मी धावत आत गेलो, तर गृहस्थ आमचं पातेलं उलटं करून बघत होते.

"काजली धरलीय. वयनी, तुमची शेगडी इख ओकतेय, इख!"

रोह्यात आमच्या आळीत नंबर लागून घरोघरी गॅस आला, तेव्हा लोकांनी सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं. कंपनीत फिटर असलेल्या हिराजीभाऊंनी शेगडी खोलली. तेव्हापासून शिफ्ट सुटली की स्वतःच्या नव्या बर्नरसाठी पितळ घासायचं, भोकं पाडायची, हवा कमीजास्त करायची. ज्योत निळी हवी, धूर नको, विषारी वायू नको, हा एकच ध्यास. बारशाला गेले तरी बाळाच्या आधी पातेल्याचं बूड बघत. तेराव्यालाही आचाऱ्याला तेच, "बूड दावा!" आम्हाला तोंड लपवायला जागा उरत नसे.

पण त्यांचा बर्नर आमच्याकडे आला आणि पातेल्याला काजळी धरेना. पेणचा एक शेगड्यांचा कारखानदार तो घ्यायला तयार झाला. फक्त म्हणाला, तुमच्या घरी चालताना बघतो. हिराजीभाऊंनी ठेवणीतला सदरा घातला. मीही गेलो.

पाहुण्यासाठी त्यांच्या आईनेच टोप काढून दिला होता, त्यात चहा चढला होता. बघतो तर ज्योत पिवळीधमक! मला धक्काच बसला. हिराजीभाऊ खाली मान घालून कप मांडत राहिले. चहा अर्धा टाकून कारखानदार निघून गेला.

मी भडकलो. "आता तुमचं बूड दाखवा की!" म्हणत टोप उलटा केला आणि हबकलोच. बुडाला बंबाच्या राखेचा जाड लेप. चुलीवर भांडं काळं होऊ नये म्हणून बायका लावत, तोच. त्याचे पोपडे बर्नरच्या भोकांत भरले होते.

मागच्या दारी आई चाचपडत दुसऱ्या टोपाला राख लावत होती. तिचे दोन्ही डोळे गेलेले. जन्मभराच्या चुलीच्या धुरानेच गेले, असं हिराजीभाऊ म्हणत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग आईला सांगायचं की! गॅसला राख लागत नाही म्हणून."

"हलू बोला, आयकंल ती." त्यांनी माझ्या हातातून टोप घेतला. "तिच्या हाताला येवढं एकच काम उरलंय. त्येबी बिनकामाचं हाय, ह्ये मी सांगू?"

तेवढ्यात आईने विचारलं, "हिराजी, पावना खूस झाला ना रं?"

"व्हय गो आय. लय खूस झाला," ते म्हणाले, आणि टाचणी घेऊन बर्नरची भोकं साफ करायला बसले.