पुन्हा लॉगिन करा

"सगळं शहर एकदम येऊ द्या आप्पासाहेब! पाणी संपंल, पण साइट बसणार नाय!" अजिनाथनं छातीवर हात ठेवून सांगितलं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात औरंगाबादची हद्द दर महिन्याला पुढं सरकत होती आणि नळाची पाइपलाइन मात्र होती तिथंच. म्हणून आप्पासाहेबांच्या संस्थेनं मोफत टँकर सुरू केले होते. गल्लीला दिवसाला एक, नोंदणी साइटवर, सकाळी आठला. पहिल्याच दिवशी लोक असे तुटून पडले की एकुलता एक सर्वर आठ वाजून दोन मिनिटांनी आडवा! मग देवगाव रंगारीच्या या इंजिनिअरनं दुसरा सर्वर जोडला आणि दोघांच्या पुढं लोड बॅलन्सर बसवला. त्याचं काम एवढंच, एक विनंती इकडं पाठवायची, पुढची तिकडं.

आठ वाजले. दोन्ही सर्वर पळायला लागले. अजिनाथनं चहा मागवला. चहाच्या आधी फोन आला.

"मी पडेगावहून मालनबाई बोलते. आरं बाबा, तुमचं मशीन बहिरं हाय का? नाव टाकलं, नंबर टाकला, 'नक्की करा' दाबलं, की म्हनतं 'पुन्हा लॉगिन करा'! आठ दिस गल्लीत थेंब नाय."

"मावशी, परत एकदा करून बघा ना."

"नऊ येळा केलं!"

अजिनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मालनबाईंची ओळख पहिल्या सर्वरनं ठेवली होती, आणि 'झालं' सांगणारं पान मागायला बॅलन्सर त्यांना दुसऱ्याच्या दारात उभं करत होता. दुसरा विचारत होता, कोण बाई तुम्ही?

सोप्पं! इंटरनेटचा पत्ता बघायचा आणि एका पत्त्याचा माणूस कायम एकाच सर्वरकडं धाडायचा. पाच मिनिटांत बदल केला.

"आता दाबा, मावशी!"

"दाबलं. नुसतं गोल गोल फिरतंय."

फिरणारच! मोबाइल कंपनीनं हजारो फोन एकाच पत्त्याआड लपवले होते. सगळं शहर पहिल्या सर्वरच्या उरावर, आणि दुसरा जावयासारखा आरामात. पहिला धापा टाकत होता.

"थांबू का?" मालनबाई.

"नका थांबू!" अजिनाथ ओरडला आणि शेवटी त्यानं आधीच करायला हवं होतं ते केलं. बॅलन्सरनं प्रत्येक फोनला पहिल्याच भेटीत एक छोटी चिठ्ठी द्यायची, कुकी म्हणतात ती. पुढच्या वेळी चिठ्ठी बघून त्याच सर्वरकडं न्यायचं.

"झालं रं बाबा! नंबर आला!"

पडद्यावर सगळं हिरवंगार. आप्पासाहेबांनी पाठ थोपटली. अर्ध्या तासानं कडुबा ड्रायव्हरचा फोन.

"साहेब, पडेगावात पोचलो. पन माझ्या पुढं धा टँकर उभे हायत. समद्यांच्या कागदावर एकच नाव, मालनबाई!"

अजिनाथनं नोंदी उघडल्या. 'नक्की करा' दाबलं की टँकर प्रत्येक वेळी नोंदला जात होता, फक्त 'झालं' हे सांगत कुणी नव्हतं. आणि 'गल्लीला एकच' हा नियमही त्याच विसरलेल्या ओळखीबरोबर विसरला जात होता. बाकीचे लोक एकदोनदा दाबून कंटाळले. मालनबाई कंटाळणाऱ्यातल्या नव्हत्या.

गाडी दामटत तो पडेगावला पोचला आणि जागीच थबकला. दौलताबाद रस्त्यावर अकरा टँकर, एकामागं एक, झाकणांतून ठिबकणारे. जन्मात त्यानं एवढं पाणी एका रांगेत पाहिलं नव्हतं. दोन्ही कडेला माणसं हंडे घेऊन उभी. देवळात उभी असावीत तशी.

पुढं एका ड्रमवर पदर खोचून उभी असलेली बारकीशी बाई म्हणजे मालनबाई.

"मावशी, चूक माझी. एक ठेवा, धा परत—"

"परत कशाला? आलेलं पानी माघारी जातंय व्हय? कडुबा, तू मागल्या वस्तीला. तुमी दोघं पुलापल्याड, तिथं पंधरा दिस झाले. तू शाळंमागं. चला!"

अकरा ड्रायव्हर निघाले. तासाभरात अकरा ठिकाणी पाणी पोचलं. ना रेटारेटी, ना शिवी. कुठल्या घरात म्हातारं माणूस, कुठं बाळंतीण, सगळं त्या बाईला तोंडपाठ. अजिनाथ तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"बघतो काय? पाइप धर!"

त्यानं धरला.

दुपारी नखशिखान्त भिजून, पण ऊर भरून तो घरी आला. बायको योगिनी रिकामी बादली घेऊन दारातच.

"आपल्या गल्लीचा टँकर कितीला येणार?"

अजिनाथनं घाईघाईनं फोन काढून साइट उघडली. काय सुंदर चालत होती! पुन्हा लॉगिन नाही, गोल फिरणं नाही. पहिल्याच दाबणीत, अर्ध्या सेकंदात, उत्तर आलं:

'आजचे सर्व टँकर संपले आहेत.'