पालखीला परका खांदा

देवाच्या पालखीला परक्या पोरांचा खांदा लागू द्यायचा नाही, असं आळीच्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष कुरामोचींनी एकमताने ठरवून टाकलं. मत त्यांचं एकट्याचंच होतं. बाकीच्यांपैकी निम्म्यांना कमी ऐकू येत होतं आणि उरलेल्यांना घरी जायची घाई होती.

"ती पोरं शिकायला आलीत ना? मग शिकू देत," कुरामोची म्हणाले. एवढ्यावर थांबले तर ते अध्यक्ष कसले. परदेशी विद्यार्थ्याने आठवड्याला किती तास नोकरी केलेली चालते, याची त्यांनी सरकारी कचेरीत फोन करून चौकशीही केली. ही बातमी चढावरच्या दुकानाच्या मालकीणबाईंना लागली आणि त्यांनी घाबरून गल्ल्यावरच्या थिहाचे तास निम्म्यावर आणले. थिहा ब्रह्मदेशातला. म्हाताऱ्यांची शुश्रूषा कशी करावी, हे शिकायला तो या गावात आला होता.

उत्सवाच्या दिवशी पालखी निघाली. सगळ्यात तरुण खांदेकरी इशिझुका. त्यांनाही पाच नातवंडं होती, तरी मंडळात त्यांना "पोरगा" म्हणत. पुजाऱ्यांनी आधीच बजावलं होतं, "वाटेत पालखी जमिनीला टेकली, तर पुढच्या वर्षीपासून देव टेम्पोतून जाईल." कुरामोचींच्या आजोबांनी, वडिलांनी ही पालखी वाहिली होती. देव टेम्पोत बसलाय ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

उतारावर सगळं झकास झालं. परतीच्या चढावर, नेमकी दुकानासमोर, पालखी थांबली. पुढे जाईना, खाली ठेवता येईना. दुकानाबाहेरच्या बाकावर थिहा भाताचा गोळा खात बसला होता. तो उठून जवळ आला.

"काय झालं, अध्यक्षसाहेब?"

"काही नाही. देव जरा गाव बघतोय."

"देवाचं बघून झालं का, विचारा त्याला," मागून इशिझुका म्हणाले. "माझा गुडघा निघालाय."

पालखी वीतभर खाली आली. कुरामोची थिहाकडे वळले.

"ए पोरा, जरा खांदा दे."

"नाही देता येणार," थिहा नम्रपणे वाकून म्हणाला. "मालकीणबाईंनी सांगितलंय, ठरल्यापेक्षा मिनिटभरही जास्त काम करायचं नाही. तुम्ही फोन केला होता ना?"

"अरे, हे काम नाही. सेवा आहे."

"सेवेनंतर जेवणाचा डबा मिळतो, असं ऐकलंय. मग तो मोबदला झाला."

"डबा रद्द."

"आमचाही?" मागून तीन-चार आवाज एकदम आले.

"तुमचा नाही रे, याचा!" कुरामोची कळवळले. "हे बघ, तुला काही म्हणजे काही मिळणार नाही. वर शिव्या देईन. मग तर झालं?"

थिहाने क्षणभर विचार केला. त्यात कायद्याला अडचण दिसेना. त्याने हाक मारल्यावर त्याच्या वर्गातली सहा-सात पोरं दुकानातून बाहेर आली आणि दांड्यांखाली शिरली. पोरं उंच होती, त्यामुळे पालखी एकदम वर गेली आणि म्हाताऱ्यांचे खांदे मोकळे झाले. कुरामोचींचे हात जेमतेम दांड्याला पोचत होते. पण दांडा सोडतील तर शपथ. पूर्ण चढभर ते टाचा उंचावून, दांड्याला लोंबकळत, पोरांना कबूल केलेल्या शिव्या घालत गेले.

देव जमिनीला न टेकता देवळात पोचला. पुजाऱ्यांनी पोरांकडे बघितलं, कुरामोचींकडे बघितलं, आणि ते पूजेला लागले.

पायऱ्यांवर डबे उघडले गेले. थिहा जरा लांब बसून पाणी पीत होता. कुरामोची आपला डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले.

"पुढच्या वर्षी जरा लवकर या. म्हणजे पालखी उतारापासूनच घेता येईल."

"पुढच्या वर्षी मी नाही. मार्चमध्ये शिक्षण संपतंय. ओसाकाच्या वृद्धाश्रमात नोकरी लागलीये. बाकीचेही तिकडेच."

"ओसाका?" कुरामोचींचा घास हातातच राहिला. "का? इथे काय म्हातारे कमी आहेत?"

"म्हातारे भरपूर आहेत," थिहा म्हणाला. "पण त्यांना परक्यांचा हात लागलेला चालत नाही, असं कळलं."

कुरामोचींनी हातातला घास खाली ठेवला. मग त्यांनी आपला डबा त्याच्यापुढे सरकवला.

"खा."

"नको, मोबदला होईल."

"मोबदला नाही."

"मग कशाबद्दल?"

कुरामोचींनी इशिझुका ऐकत नाहीत ना, हे मान वळवून पाहिलं.

"जाऊ नकोस म्हणून," ते म्हणाले.