रेकॉर्डची मागची बाजू

नेव्हिल गेला तो ऐन ऑगस्टात, आणि क्लाइव्हला दुःखाच्या तळाशी थोडा आनंद झाला. तो त्याने कुणाला दाखवला नाही, पण झाला हे खरं. चमचमते कपडे, वीतभर उंच टाचांचे बूट आणि नाताळचं एक गाणं एवढ्या भांडवलावर त्यांच्या ‘टिन्सेल टायगर्स’ बँडला एके काळी अख्ख्या इंग्लंडने डोक्यावर घेतलं होतं. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला क्लाइव्हने रचलेलं एक संथ, रडकं गाणं होतं. पन्नास वर्षांत ते चारचौघांत कुणी लावलं नव्हतं. ड्रमर नेव्हिलने मात्र बायकोला, ग्लेनिसला, बजावून ठेवलं होतं, की दहनाआधी शवपेटीपुढचा पडदा सरकताना क्लाइव्हचंच गाणं लागलं पाहिजे.

ग्लेनिसने घरची रेकॉर्ड दाहगृहातल्या माणसाच्या हाती दिली. क्लाइव्ह पहिल्या बाकावर रुमाल काढून बसला. पण रेकॉर्ड उलटी करून लावायची हे सांगायचं ग्लेनिस रडण्याच्या भरात विसरली, आणि त्या रेकॉर्डला दुसरी बाजू असेल असं त्यांच्या वॉल्सॉल गावात कुणाच्या मनातही येत नसे. पडदा सरकू लागला आणि नाताळची घुंगरं वाजली.

क्लाइव्ह उठायला गेला, तर गुडघ्याने दगा दिला. तोवर बँडचा गायक डेस्मंड सवयीने उभा राहिला आणि त्याने पाद्रीबाबांपुढचा माईक ओढून घेतला. मागच्या बाकांवरच्या आज्या ठेका धरू लागल्या. पुढच्या अंत्यविधीची मंडळी दारात ताटकळत होती, तीही डोळे पुसत पुसत सामील झाली. गाणं संपलं तेव्हा नेव्हिलच्या वाट्याची वेळही संपली होती.

बाहेर ग्लेनिसला चूक उमगली. “माझंच चुकलं रे, क्लाइव्ह. एवढी एकच इच्छा होती त्याची.”

“जाऊ दे गं,” डेस्मंड म्हणाला. “याचं लावलं असतं तर लोकांना खरोखरच वाईट वाटलं असतं.”

क्लाइव्हचा उतरलेला चेहरा ग्लेनिसला बघवेना. तिने त्याचा हात धरला. “तुझ्या वेळी मी स्वतः उभी राहून लावीन. शपथ.”

क्लाइव्हला भरून आलं. इतकी वर्षं थांबलो, अजून थोडं थांबू, असं म्हणत तो जवळजवळ खुशीत गाडीत बसला. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ते गाणं मनापासून आवडणारा उरलेला एकुलता एक माणूस त्या दिवशी पडद्यापलीकडे असणार.